घरच्या बागेतली तिखट मिरची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं गच्ची, बाल्कनी आणि परसातल्या दोन-चार झाडांपुरती आहेत. एकरी हिशेब इथे नाही.

कोणती मिरची लावावी?

घरात मिरची कशाला लागते ते आधी बघा. रोजच्या फोडणीला आणि पोह्यांत टाकायला हिरवी हवी असेल तर ज्वाला लावा. लांब, सुरकुतलेली, फिकट हिरवी मिरची मिळते ती हीच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा ज्वाला हा तिचा मूळ वाण. ठेचा-खर्ड्याचं वेड असेल तर लवंगी. फळ बारीक असलं तरी दोन झाडं चार माणसांच्या घराला पुरून उरतात. राहुरी कृषी विद्यापीठाची फुले ज्योती कुंडीतही चांगली येते आणि फळं घोसाने धरते. कोकणात राहत असाल तर दापोली विद्यापीठाच्या कोकण कीर्तीची चौकशी करा, ती त्या हवेसाठीच काढलेली आहे.

ब्याडगी आणि संकेश्वरी घरी लावण्याचा आग्रह मी धरणार नाही. त्यांचं काम वर्षाच्या मसाल्यात. तिथे मिरची किलोने लागते आणि कुंडीतल्या झाडाची लाल मिरची वाळली की मूठभर उरते. मसाल्याची मिरची बाजारातूनच आणावी.

स्थानिक वाण मात्र हौसेने जरूर लावा. नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, गोव्यात काणकोणची खोला मिरची. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. खोला मिरची तिथे डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर येते. तुम्ही ती कुंडीत लावली तर निचऱ्याबाबत हयगय करू नका.

भूत जोलोकिया आपल्याकडे येते का?

येते. 2007 मध्ये गिनीजने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदवलं, तेव्हा तिचा तिखटपणा दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणाचं माप) वर मोजला गेला होता. पुढे हा मान कॅरोलिना रीपरकडे गेला आणि 2023 मध्ये पेपर एक्सकडे. तिची सरासरी 26,93,000 स्कोव्हिल नोंदली गेली. पण जोलोकिया ईशान्येकडच्या दमट हवेतली. कोकण-गोव्यात तिला फारसा त्रास होत नाही. पुण्या-नाशकाकडे उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी लागते आणि विदर्भाच्या मे महिन्यात ती फुलं टाकून देते. बी उगवायला दोन ते पाच आठवडे घेते, त्यामुळे दहाव्या दिवशी माती उकरून बघू नका.

पेपर एक्सचं बी म्हणून ऑनलाइन जे विकलं जातं त्यावर पैसे घालवू नका. विक्रम नोंदला गेला तेव्हा तिच्या निर्मात्याने बी विक्रीला काढलेलंच नव्हतं.

आणि एक घरगुती प्रश्न स्वतःलाच विचारा: ती खाणार कोण? एका झाडाला फळं भरपूर येतात आणि एका फळात पातेलंभर रस्सा तिखट होतो.

स्वयंपाकघरातल्या सुक्या मिरचीचं बी लावलं तर चालेल का?

बऱ्याचदा उगवतं. मिरची उन्हात वाळलेली आणि या वर्षीची असावी. फार जुनी किंवा भट्टीच्या उष्णतेत वाळवलेली असेल तर उगवण कमी होते. अडचण उगवण्यात नसून पुढे आहे: बाजारातली बरीच मिरची संकरित वाणांची असते आणि तिच्या बियांपासून आलेली झाडं एकसारखी निघत नाहीत. एक उंच, एक खुजं, एक तिखट, एक पाणचट. मजा म्हणून करायला हरकत नाही. नेमकी ठरावीक मिरचीच हवी असेल तर कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं बी आणा.

बी पेरलं पण उगवलंच नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा दोनपैकी एक. बी खोल गेलं, नाहीतर माती सतत चिंब राहिली. मिरचीचं बी अर्धा सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. 25 ते 30 अंश तापमानात ते आठ-बारा दिवसांत उगवतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री पारा 12-13 वर आला की तेच बी तीन आठवडे लावतं. तेव्हा ट्रे फ्रिजच्या वर ठेवा किंवा वरून प्लॅस्टिक झाका. उगवलं की प्लॅस्टिक लगेच काढा.

रोपं उगवून दोन-चार दिवसांत बुडाशी बारीक होऊन आडवी पडत असतील तर ती बुरशी आहे. पाणी कमी करा, वारा लागू द्या, आणि पुढच्या वेळी पेरणीच्या मातीत ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला मारणारी उपयुक्त बुरशी मिसळा. पडलेलं रोप वाचत नाही, त्याच्यामागे वेळ घालवू नका.

लावायची कधी?

आपल्याकडे तीन हंगाम धरता येतात. मे अखेरीस ते जूनमध्ये बी टाकून जुलैत लावणी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी टाकून थंडीत फळं. आणि जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी. कुंडीवाल्यांनी मधला हंगाम धरावा असं माझं मत. पावसाळ्यात मुळं कुजतात, उन्हाळ्यात फुलकिडे आणि कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडी पिच्छा सोडत नाहीत. सप्टेंबरच्या बियांचं रोप महिना-सव्वा महिन्यात चार-सहा पानांवर येतं, तेव्हा ते मोठ्या कुंडीत हलवा. हलवताना संध्याकाळची वेळ धरा. लावणीनंतर साधारण पाच-सहा आठवड्यांत फुलं, दोन-अडीच महिन्यांत पहिली हिरवी मिरची. तीच लाल व्हायला आणखी तीन-चार आठवडे.

कुंडी केवढी आणि माती कसली?

एका झाडाला 12 इंची कुंडी किंवा ग्रो बॅग. त्यात साधारण 15 ते 20 लिटर मिश्रण बसतं. लवंगीसारखं झाड 10 इंचांतही भागवून घेतं. निम्मी बागेतली माती, पाव भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, पाव भाग कोकोपीट आणि कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. काळी माती असेल तर थोडी वाळू घाला, नाहीतर ती घट्ट बसते. ताजं शेण नको. जमिनीत लावत असाल तर दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर.

टोमॅटो, वांगी, बटाटा आणि मिरची एकाच कुळातली. गेल्या वर्षी टोमॅटो मर रोगाने (झाड अचानक सुकून) गेला असेल त्या मातीत मिरची लावू नका. ती माती पालेभाजीला वापरा.

रोज पाणी घालायचं ना?

नाही. घरच्या मिरच्या मरतात त्या तहानेने कमी आणि लाडाने जास्त. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर तो दिवस सोडा. थंडीत एक दिवसाआड पुरतं, एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या कुंडीला सकाळ-संध्याकाळ लागू शकतं. कडक उन्हात भर दुपारी पानं लवलेली दिसली तर धावत पाणी घालायला जाऊ नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. सकाळीच लवलेली असतील तर मात्र माती तपासा. माती कोरडी असेल तर पाणी, आणि ओली असूनही झाड मान टाकत असेल तर मुळं कुजताहेत.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका.

आमच्या बाल्कनीत तीनच तास ऊन येतं.

झाड वाढेल, फळ कमी देईल. मिरचीला सहा तास थेट ऊन हवं. तीन तासांत लवंगी किंवा एखादी बारीक उभी मिरची थोडंफार देते. लांब मिरच्यांचा हट्ट सोडा आणि खत निम्मं करा, नाहीतर नुसता पाला होईल.

फुलं भरपूर येतात आणि गळून पडतात. का?

थोडी फुलं गळणारच. झाड सगळी धरत नाही. सगळीच गळत असतील तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा. दिवसा 35 अंशांच्या वर किंवा रात्रीही उकाडा असेल तर परागीभवन नीट होत नाही. त्यावर 50 टक्क्यांचं शेडनेट, एवढाच इलाज. नंतर खत: नत्र जास्त झालं की झाड गर्द हिरवं, दणकट आणि बिनफळांचं राहतं. गच्चीवर शेणखत, युरिया, जीवामृत आणि वर किचन वेस्टचं पाणी असं सगळं एकाच झाडाला देणारे लोक मी बघतो, आणि तक्रार हीच असते. मग पाण्यातली ओढाताण, म्हणजे चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी पूर. आणि शेवटी फुलकिडे.

फुलकिडे बघायची सोपी रीत: फुलाखाली पांढरा कागद धरा आणि उमललेलं फूल त्यावर दोनदा झटका. कागदावर मिलिमीटरभर लांबीच्या पिवळट-तपकिरी रेघा पडतात. क्षणभर त्या परागकण किंवा कचरा वाटतात. मग त्यातली एक रेघ चालायला लागते.

पानं आकसून गोळा होतात. लोक याला बोकड्या म्हणतात. उपाय?

मिरचीवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त औषधं वाया जातात तीही इथेच. चुरडा-मुरडा किंवा बोकड्या हे एका रोगाचं नाव नाही. तीन वेगळी कारणं जवळपास एकसारखं रूप दाखवतात, म्हणून फवारणीआधी पान उलटं करून बघायचं.

पानाच्या कडा वर वळून पान द्रोणासारखं झालं असेल आणि खालच्या बाजूला चंदेरी-तपकिरी चट्टे असतील तर फुलकिडे. निळे चिकट सापळे लावा आणि निमतेल फवारा: एक लिटर पाण्याला पाच मिली निमतेल आणि मिलिभर द्रव साबण. साबण आणि तेल आधी थोड्या कोमट पाण्यात फेटून घ्या, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. फवारा पानाच्या खालून, संध्याकाळी, आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा. एका फवाऱ्यात काही होत नाही. 2021-22 मध्ये आंध्र-तेलंगणात बाहेरून आलेल्या एका नव्या जातीच्या फुलकिड्यांनी मिरचीची शेतं बसवली होती. ही कीड गच्चीवरही हलक्यात घेऊ नका.

कडा खाली वळल्या असतील, देठ लांबट आणि शेंड्याची पानं अरुंद, जाडसर झाली असतील तर कोळी. हे डोळ्यांना दिसत नाहीत, भिंग लागतं. इथे निमतेलापेक्षा पाण्यात मिसळणारं गंधक चांगलं काम करतं, लिटरला दोन ग्रॅम. पारा 32-33 च्या वर असताना गंधक फवारू नका आणि निमतेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तर मुळीच नको, पानं करपतात.

पानं बारीक, खडबडीत, शिरा जाड, पेरं आखूड होऊन झाड झुडपासारखं दाट झालं आणि हात लावताच पांढऱ्या माश्या उडाल्या तर तो विषाणू आहे. पांढरी माशी तो पसरवते. यावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, बाकीच्या झाडांजवळ पिवळे सापळे लावा. वाईट वाटतं, पण ते एक झाड ठेवून उरलेली चार घालवण्यात काय अर्थ?

आंबट ताक फवारलं की बोकड्या जातो म्हणतात.

भुरीवर, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी येते तिच्यावर, पातळ ताकाचा किंवा दुधाचा थोडा उपयोग होतो. फुलकिडे आणि कोळी ताकाने जात नाहीत आणि विषाणूला तर काहीच फरक पडत नाही. बऱ्याचदा होतं असं की ताक फवारलं त्याच सुमारास पाऊस पडतो, किडी धुऊन जातात, नवी पानं चांगली येतात आणि श्रेय ताकाला मिळतं. नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुणं हाही चांगला उपाय आहे, आणि फुकटचा.

खत काय आणि किती?

लावणीनंतर तीन आठवडे काही नको. मग दर तीन-चार आठवड्यांनी कुंडीला दोन मुठी गांडूळ खत, वरची माती हलकेच उकरून. रासायनिक चालत असेल तर रोपाच्या वाढीला 19:19:19 आणि कळ्या दिसू लागल्या की 0:52:34 हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशचे), दोन्ही लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. लाकडाची राख चिमूटभरच. आपल्या बहुतेक जमिनी आधीच विम्ल (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी), त्यात राखेची भर नको. अंड्याची टरफलं महिनोन्‌महिने तशीच राहतात, पूड केली तरी. केळीच्या सालीचं पाणी घालून काही बिघडत नाही आणि फारसं सुधारतही नाही.

मिरची आली, पण तिखटच नाही!

पहिली जबाबदारी वाणाची. बाकी तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत: पाणी आणि घाई. फळं भरायला लागली की पाणी थोडं आवरा. झाडाला जराशी तहान राहू दिली की कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य, वाढतं. आणि कोवळी तोडू नका. फळ पूर्ण लांबीला येऊन टणक झालं, रंग गडद झाला की तिखटपणा भरतो. पावसाळ्यातल्या मिरच्या पाणचट लागतात त्यामागे जास्तीचं पाणीच आहे.

तिखट असतं कुठे, याबद्दल जुना गैरसमज आहे. बिया काढल्या की मिरची कमी तिखट होते हे खरं, पण बिया स्वतः तिखट नसतात. पिकलेली लवंगी उभी चिरून उजेडात धरा. बिया ज्या पांढुरक्या शिरेला चिकटलेल्या असतात, तिच्यावर पिवळसर तेलकट चकाकी दिसते. तिखट सगळं तिथे. बिया तिला टेकून असतात म्हणून माखतात.

स्कोव्हिल हे माप अमेरिकी औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी 1912 मध्ये काढलं. मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पातळ करावा लागला ते मोजायचं. आता यंत्राने मोजतात, नाव तेच राहिलं.

ढोबळी मिरचीशेजारी लवंगी लावली तर ढोबळी तिखट होईल का?

या वर्षी नाही. मधमाशीने पराग इकडून तिकडे नेला तरी त्याचा परिणाम फळात बसत नाही, फळातल्या बियांत बसतो. त्या ढोबळीचं बी पुढच्या वर्षी लावलंत तर मात्र तिखट ढोबळी खाण्याची वेळ येऊ शकते. बी धरायचं असेल तर एखाद्या फांदीच्या कळ्यांवर उमलण्याआधी पातळ कापडाची पिशवी बांधा. मिरची स्वपरागीभवनाने धरते, पिशवीत फांदी अधूनमधून हलवली की पुरे. त्याच फांदीची फळं पूर्ण लाल होऊ द्या, बी सावलीत वाळवा आणि डब्यात तारीख लिहून ठेवा. दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं.

नर्सरीतल्या शोभेच्या रंगीत मिरच्या खाता येतात का?

मिरची म्हणून त्या खाण्यासारख्याच, आणि बऱ्याचशा झणझणीत. पण ती झाडं विकताना कुणी खाईल असा विचार केलेला नसतो, त्यामुळे औषधं मोकळ्या हाताने मारलेली असतात. आणल्यावर झाडावर असलेली फळं काढून टाका, नव्या बहराची खा.

पक्षी मिरच्या खातात. त्यांना तिखट लागत नाही?

नाही लागत. आपल्या जिभेवर कॅप्सेसिन ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवतं, तोच ग्राहक उष्णताही ओळखतो. म्हणून तिखटाने भाजल्यासारखं होतं. या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. पक्ष्यांमधला हा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. बुलबुल लाल लवंगी अख्खी गिळतो आणि बी विष्ठेतून दुसरीकडे टाकतो. कंपाऊंडच्या भिंतीलगत न लावता उगवलेली मिरची बहुधा त्याचीच. पोपट मात्र नासधूस फार करतात, तिथे जाळी हवी.

एक झाड किती दिवस ठेवायचं?

मिरची वर्षायू नाही. आपल्या हवेत झाड दोन-तीन वर्षं चालतं. बहर ओसरला की पावसाच्या सुरुवातीला झाड फूटभर ठेवून छाटा, वरची दोन इंच माती बदला. महिन्याभरात नवी फूट येते. रोगट झाडावर हा उपद्व्याप करू नका. फळं मात्र सतत तोडत राहा. लाल मिरच्या झाडावर ठेवल्या की नवी फुलं मंदावतात.

आम्ही थंड देशात राहतो. जमेल का?

जमतं, उलट्या हिशेबाने. शेवटचा हिमतुषार कधी संपतो ते बघा आणि त्याच्या आठ-दहा आठवडे आधी घरात बी टाका, वर दिवा लावून. रात्रीचं तापमान 12-13 च्या वर स्थिरावलं की आठवडाभर हळूहळू बाहेरची सवय लावत कुंडी बाहेर काढा. थंडी यायच्या आधी छाटून आत घ्या. खिडकीत ती झोपल्यासारखी राहील, पाणी अगदी बेताचं. पण आत घेताना पानांवर मावा नाही ना, हे बघा. भारतातून बी बॅगेत टाकून नेऊ नका, बहुतेक ठिकाणी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. तिथल्या बियाणे विक्रेत्यांकडे भारतीय वाणही मिळतात.

दारात मिरचीचं झाड लावू नये म्हणतात.

दारात ऊन असेल तर लावा.

मिरच्या चिरून हाताची आग होते, ती कशी घालवायची?

पाण्याने जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी हाताला खाद्यतेल चोळा, कागदाने पुसून घ्या, मग भांडी घासायच्या साबणाने धुवा. हे दोनदा करा. तोंड भाजलं तर दूध किंवा दही. डोळ्यात गेलं तर मात्र तेल-दूध काही नको, पंधरा मिनिटं वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा आणि तरी दुखत राहिलं तर डॉक्टरकडे जा. जोलोकिया चिरताना हातमोजे घालाच, आणि ठेचा मिक्सरमध्ये केलात तर झाकण उघडताना तोंड लांब ठेवा. लेन्स वापरणाऱ्यांना मिरची तोडायच्या दिवशी लेन्स काढायचं काम दुसऱ्या हातांवर सोपवता येत नाही, तेव्हा त्या दिवशी सरळ चष्मा लावा.